तिसरी सही

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दहाला कॉलेजचे हेडक्लार्क महादेवराव बडेबाबूंनी गीतांजलीला ऑफिसात बोलावलं आणि एक कागद तिच्यापुढे सरकवला.

"मॅडम, एवढं पाहून द्या. माह्या ऱ्हस्व-दीर्घाचा भरोसा नाही."

अकोटच्या त्या कॉलेजात आठ वर्षांपासून असंच चालायचं. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक मराठी कागद गीतांजलीच्या लाल पेनाखालून जायचा. सूचना, शोकसंदेश, प्राचार्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण, सगळं. ती तिथं मराठी शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे ती वर्गात होती, मस्टरवर नव्हती. दरवर्षी जुलैत तिला पत्र मिळायचं, 'आपली सेवा घेण्यात येत आहे.' एप्रिलात सेवा घेणं थांबायचं, आणि ती दर्यापूरजवळच्या गावी बापाच्या वांग्याच्या वाफ्यात सेवा द्यायची. बाप पंजाबराव जगाला सांगायचा, पोरगी प्रोफेसर आहे. जग विचारायचं, "चिकटली का?"

तिनं पेन उघडला. कागद नियुक्तीचा आदेश होता. 'सहाय्यक प्राध्यापक, मराठी, या पदावर कुमारी जुईली यांची निवड समितीच्या शिफारशीनुसार नियूक्ती करण्यात येत आहे.' तारीख उद्याची होती. निवड समिती आज साडेबाराला बसायची होती.

जुईली म्हणजे संस्थेच्या वकिलांची मुलगी. पद म्हणजे गीतांजली आठ वर्षं शिकवत होती तेच. त्या जागेला शासनाची मंजुरी यंदा आली होती, आणि जागा भरली की तासिका संपतात.

तिनं 'नियूक्ती'तला दीर्घ ऊ ऱ्हस्व केला. मग विचारलं, "महादेवराव, मुलाखतीच्या आधीच टाइप केलं?"

"मंग? प्राचार्य साहेब पाच वाजता सही करून अमरावतीले निघतात. मी काय तवा टायपिंग करत बसू?"

"अन् मलेच दाखवून राहिले?"

"तुमाले मालूमच असन म्हटलं. तुमी आज कोरमले हाय न?"

महादेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटलं होतं, की तिला माहीत आहे. एका जागेसाठी किमान तीन उमेदवार हजर पाहिजेत, त्यांच्या सह्या पाहिजेत. नाहीतर मुलाखत ग्राह्य नाही. तिथं एक उमेदवार खरा असतो. उरलेले दोन गोळा करावे लागतात. त्यासाठी प्राचार्य एकमेकांना फोन करतात, "एक मॅडम पाठवा आमच्याकडे, पुढच्या खेपेला आमचे सर घ्या." गीतांजली अशी चार कॉलेजांत बसून आली होती. दर्यापुरात एकदा, अकोल्यात एकदा, अमरावतीत दोनदा. सही करायची, दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची, आलुबोंडा खायचा, एसटी धरायची. त्या चार ठिकाणीही कोणीतरी आठ वर्षं शिकवत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आज आलं. स्वतःच्या कॉलेजात तरी आपण खऱ्या उमेदवार आहोत, असं ती आज सकाळपर्यंत धरून चालली होती.

सव्वाबाराला ती व्हरांड्यात आली. बाकावर अकोल्याचा ललित बसला होता. तोही तासिकावाला, तोही नेहमीचा कोरमचा. त्याची सही झाली होती.

"ताई, आलुबोंडे येऊन राहिले," तो म्हणाला. "सही टाका अन् बसा."

शेजारी जुईली होती. फाइल मांडीवर, चेहरा नम्र. ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच गीतांजली मॅडम ना? बाबा म्हणाले, तुम्ही मला सिलॅबस समजावून द्याल."

"देईन," गीतांजली म्हणाली.

शिपायानं हजेरीपत्रक पुढे केलं. पहिली सही जुईलीची, दुसरी ललितची, तिसरी रेघ कोरी. तिनं पेन टेकवला. तेवढ्यात साडेबाराची घंटा झाली. तिनं पेनाला टोपण लावलं.

"माहा तास आहे," ती म्हणाली आणि जिना चढून गेली.

बीए दुसरं वर्ष, कार्यालयीन मराठी. तिनं फळ्यावर लिहिलं, 'रिक्रूटमेंट'.

"याला मराठीत काय म्हणाल?"

"भरती," सागर म्हणाला. तो रोज पहाटे पोलिसात लागण्यासाठी धावायचा.

"एका माणसाची भरती होते का?"

"होते न मॅडम. दवाखान्यात."

वर्ग हसला. ती हसली नाही.

"बरोबर आहे. नोकरीत मात्र भरती घोळक्याची. मैदानात उभं करतात, छाती मोजतात, घेतात. एकाची ती नेमणूक. तिथं नाव लागतं. सरकारी कागदावर तीच नियुक्ती होते. निवड त्याच्या आधीची. ती करायला एकापेक्षा जास्त माणसं पाहिजेत. मग तुम्ही स्वतः जाऊन रुजू होता."

"अन् वर्णी?" मागून एक मुलगी म्हणाली. "आमच्या काकाची वर्णी लागली होती."

"वर्णी लागते तेव्हा जाहिरात नंतर येते. लिहून घ्या."

प्राचार्य उद्धवराव दारात येऊन उभे होते. किती वेळापासून, ते कळायला मार्ग नव्हता.

"मॅडम, जरा बाहेर या. समिती खोळंबली आहे."

"तास सुरू आहे, सर."

"विद्यापीठाचे तज्ज्ञ दोनला निघणार. तुमची फक्त सही हवी आहे."

"फक्त सही, हे माहीत आहे मला. आदेश मीच तपासला."

उद्धवरावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग आवाज खाली आणला. "पुढच्या वर्षीच्या तासिकांचा विचार करा."

"केला. जागा भरली तर तासिका राहतात कुठं?"

उद्धवरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. ते तिला काढू शकत नव्हते, कारण तिला कधी घेतलंच नव्हतं. ते जिन्यावरून उतरले. तिनं तास पूर्ण केला आणि मग दीडचा तासही घेतला.

दोन वाजता तज्ज्ञांची गाडी निघून गेली. जुईली वडिलांना फोन लावत उभी होती. अडीचला गीतांजलीचा तास सुटला तेव्हा ललित कागदात दोन आलुबोंडे बांधून स्टँडकडे निघाला होता. जाताना तिला म्हणाला, "पुढच्या महिन्यात आमच्या इथं माह्या जागेसाठी मुलाखत आहे. तुमाले फोन येईन."

"मग?"

"उचलू नका."

तीनला महादेवरावांनी तिला पुन्हा बोलावलं. समोर कोरा कागद होता.

"साहेब म्हणतात, इतिवृत्त लिवा. काय लिवू? भरती रद्द?"

ती बसली. रद्द लिहिलं तर मंजुरी परत जाते, मग पुन्हा आठ वर्षं वाट पाहा; पुढे ढकलली तर जागा शाबूत राहते. हे महादेवरावांना माहीत नव्हतं आणि उद्धवरावांना घाईत सुचलं नव्हतं.

"लिहा. मुलाखत पुढे ढकलण्यात आली."

"कारन?"

"उमेदवारांची अपुरी उपस्थिती."

महादेवरावांचा हात थांबला. "तुमी तर इथंच होत्या न मॅडम."

"मी तासावर होते. वर्गाच्या हजेरीत पाहा, बासष्ट पोरं हजर आहेत."

त्यांनी लिहून घेतलं. 'अपुरी'तला उकार दोनदा खोडला, आणि शेवटी कागद तिच्याकडे वळवला.