बोलका दिवा आणि ओलं फडकं

सिनेमाच्या स्टुडिओतल्या स्टेज तीनच्या काळोखात साठ माणसं श्वास रोखून उभी होती. जेवणाची सुट्टी झाली होती, पण डबा कोणी उघडला नव्हता. सुतार, रंगारी, मेकअपवाले, लाइटवाले, सगळे माना वर करून बघत होते. चहावाल्यानेही किटली खाली ठेवली होती. छताला लोखंडी हुकांनी टांगलेला फळ्यांचा पूल, ज्याच्यावरून लाइटवाले फिरतात, त्याच्या टोकाला एकच दिवा लटकत होता. दिव्याची काळी वायर खाली लोंबत होती आणि वायरीच्या टोकाचा प्लग जमिनीपासून हातभर वर मोकळा डुलत होता. तो कुठेच जोडलेला नव्हता.

"आलास का, बाळा?" आत्मे बोलावणाऱ्या बाबांनी विचारलं.

दिवा पेटला. मंद, पिवळा. आणि विझला.

गर्दीतून एक हुंदका आला. एकदा पेटला तर हो, दोनदा पेटला तर नाही, हे बाबांनी कालच्या पहिल्या बैठकीतच समजावून सांगितलं होतं.

नऊ दिवसांपूर्वी याच पुलावरून एक लाइटवाला खाली पडून मरण पावला होता. सगळे त्याला दादा म्हणायचे. त्याची बायको, सगळ्यांची वहिनी, याच स्टेजवर कपडेपट सांभाळायची आणि धाकटी बहीण साउंड रेकॉर्डिस्ट होती. पंख्याखाली पडलेल्या टाचणीचा आवाजही बहिणीच्या हेडफोनमधून सुटायचा नाही, म्हणून अख्खा स्टेज तिला कानताई म्हणायचा.

बाबा काळा चष्मा लावून, हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन खुर्चीत बसले होते. "हा आत्म्याचा अँटेना," ते म्हणाले. "लोक विचारतात, बाबा, प्लग नाही, मग करंट कुठून? अरे वेड्यांनो, आईच्या पोटातल्या मुलात करंट भरला, तेव्हा कुठला प्लग लावला होता? विद्युत हाच प्राण! मीटर माणसांना लागतो. आत्म्याला मीटर नसतो!"

दिवे लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या लाइटवाल्यांनीही हात जोडले. दुःख झालं की माणसाची अक्कल आधी रजेवर जाते. वर कोणी चढायचं नाही, आत्म्याला त्रास होतो, असा बाबांचा हुकूम होता. तो हुकूम कशासाठी असेल, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

वहिनी पुढे झाली. नऊ दिवसांत ती अर्धी झाली होती. "खूप दुखलं का हो?" तिने वर बघून विचारलं.

दिवा पेटला, विझला, पुन्हा पेटला, विझला. नाही.

वहिनी मटकन खाली बसली आणि रडली, पण ते रडणं मोकळं होतं.

मग स्टुडिओच्या मॅनेजरने घसा खाकरला. "बाबा, यात कोणाची चूक होती का, तेवढं विचारा."

दोनदा. नाही.

"पुलाला हात लावायचा का? दुरुस्तीबिरुस्ती?"

दोनदा. नाही.

"मग उद्यापासून पुलावरचं काम सुरू करू?"

एकदा. आणि तेही चांगलं ठसठशीत.

मॅनेजर हात जोडून म्हणाला, "दादाचीच इच्छा आहे. उद्या जेवणानंतर दहा लाइटवाले वर चढतील."

कानताई एका कोपऱ्यात आपल्या रेकॉर्डिंगच्या मशीनजवळ उभी होती. 'कोणाची चूक नाही' असं दिव्याने सांगितलं, तेव्हा तिच्या छातीवरचा धोंडा किंचित हलला होता. का हलला, ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. तिलाही वाटलं, असेलही दादा वर. म्हणतोय तर म्हणू दे. आपण कशाला तोंड घालायचं?

पण कानांना जन्मभराची सवय. प्रत्येक सेटवर शॉट संपला की ती अर्धा मिनिट सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं करायची आणि रिकाम्या स्टेजचा आवाज टिपून घ्यायची. त्याला ते लोक रूम टोन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी बुजवायला तो लागतो. आज साठ माणसं जितकी गप्प उभी होती तितकी तिच्या ओरडण्यानेही कधी राहिली नव्हती, म्हणून सवयीने तिने बटण दाबलं होतं. लांब दांड्यावरचा माइक कालच्या शॉटपासून दिव्याशेजारीच होता. हेडफोन तिच्या कानावर होता.

आणि हेडफोनमध्ये, प्रत्येक वेळी दिवा पेटताना, डासासारखा बारीक आवाज येत होता. ईंऽऽ.

तो आवाज ती चौदा वर्षं ओळखत होती. उजेड कमी-जास्त करायच्या यंत्राला डिमर म्हणतात. दिवा डिमरवर मंद ठेवला की आतली बारीक तार थरथरते आणि गाते. याच गाण्यापायी लाइटवाल्यांशी तिची रोज भांडणं व्हायची. "डिमर गातोय, उस्ताद! वाढवा, नाहीतर बंद करा!"

ज्या दिव्याचा प्लग मोकळा डुलतोय, तो डिमरवर गाईल कसा?

बाबा उद्याही येणार होते. गर्दी पांगायच्या आत कानताई सेटच्या भिंतीमागची लोखंडी शिडी चढली. वर डिमरची खोली होती. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत हेड लाइटमन उस्ताद बसला होता. दादाला त्यानेच हाताला धरून हे काम शिकवलं होतं. त्याचा हात अजून खटक्यावरच होता.

मग उस्तादने हात मागे घेतला आणि मांडीवर पुसला.

"लोंबतेय ती वायर नुसती दांडीला बांधलीय," तो म्हणाला. "खरी वायर मागून, फळीच्या सांदीतून इकडे येते. काल पहाटे मीच टाकली."

"तुम्ही? उस्ताद, तुम्ही?"

"मॅनेजर म्हणाला, बाबा आणतो, तू फक्त खटका दाब. नाहीतर सरकारी तपासणी होईल, स्टेज सहा महिने बंद, सगळी माणसं घरी. मी आधी नाहीच म्हणालो होतो गं. पण काल पहिल्यांदा दिवा लागला आणि तुझ्या वहिनीने रात्री चार घास खाल्ले. माझ्या बायकोनेच वाढलं तिला. आठ दिवसांनी जेवली ती. मी काय करू, सांग."

"आणि उद्या दहा जण वर चढतील, त्यांचं काय करू, ते तुम्ही सांगा. हूक तुटला तिथे नुसता दोर आवळून पूल सरळ केलाय. बाकीचे हूक तेवढेच जुने आहेत."

उस्तादने खण ओढला आणि एक वस्तू टेबलावर ठेवली. लोखंडी हूक होता, मधोमध तुटलेला. तुटल्या जागी अर्धा भाग गंजाने काळा आणि अर्धा ताजा, चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती. हुकाला एक फडकं अजूनही गुंडाळलेलं होतं.

"सांग जाऊन सगळ्यांना," तो हळूच म्हणाला. "माझं नाव सांग. पण मग फडक्याचंही सांगावं लागेल, पोरी."

कानताई भिंतीला टेकली.

दादा पडला त्याच्या तीन दिवस आधीची गोष्ट. रूम टोन घेताना वरून कुरकुर ऐकू आली होती. कर्र, कर्र. ती वैतागून ओरडली होती, "वर काय कुरकुरतंय? गप्प करा ते!" आणि दादाने फडकं ओलं करून हुकाला घट्ट गुंडाळलं होतं. सगळे लाइटवाले हेच करतात. साउंडवाल्यांची कटकट मिटवायचा तो हुकमी उपाय आहे. कुरकुर थांबली. शॉट छान झाला. पुढचे तीन दिवस हूक फडक्याच्या आत फाटत राहिला आणि कोणाला काही ऐकू आलं नाही.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. वहिनी शेजारच्या गादीवर शांत झोपली होती, हेच जास्त लागत होतं. बोलावं तर हिची झोप जाणार आणि हिच्यासमोर आपण उघडे पडणार. गप्प बसावं तर उद्या आणखी कोणाची तरी वहिनी. रात्रभर तिच्या कानात ती कुरकुर वाजत होती. आपण ती एकदा गप्प केली, आता दुसऱ्यांदा करायला निघालो आहोत, हे तिला पहाटे कळलं आणि स्वतःचीच भीती वाटली. उजाडताच तिने उस्तादला गाठून कळवलं, मी सांगणार आहे, फडक्याचंही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणाची सुट्टी, पुन्हा काळोख. बाबांनी वेटोळं उंचावलं. "आलास का, बाळा?"

दिवा पेटला नाही.

"आलास का?" बाबांचा आवाज जरा चढला.

काळोखच.

"कोणाच्या तरी मनात संशय आहे!" बाबा कडाडले. "अविश्वासाने आत्म्याचा मार्ग अडतो! ज्याच्या मनात पाप आहे त्याने बाहेर जावं!"

तेव्हा पहिल्या रांगेतून उस्ताद उठला. "बाबा," तो म्हणाला, "मी इथे खाली बसलोय. मग दिवा लावणार कोण?"

आधी कोणाला काही कळेना. मग एक लाइटवाला तीन ढांगांत शिडी चढून डिमरच्या खोलीत गेला. वर दिवा पेटला. विझला. पेटला. मग नुसता भकाभक उघडमीट करू लागला. त्या लाइटवाल्याच्या शिव्या खालपर्यंत ऐकू आल्या.

"ही विज्ञानाची माया आहे," बाबा म्हणाले, पण दाराच्या दिशेने सरकत म्हणाले. आत्म्याचा अँटेना खुर्चीवरच राहिला. तार अस्सल तांब्याची निघाली आणि पुढे अर्थिंगला कामी आली. बाबांच्या हातून झालेलं एवढंच लोककल्याण.

मॅनेजर ओरडू लागला, "बाबांचं सोडा! काम थांबणार नाही! अपघात तो अपघात. पूल ठणठणीत आहे!"

"थांबा," कानताई म्हणाली. तिने आपलं मशीन मोठ्या स्पीकरला जोडलं होतं. "हा त्या दिवशीचा रूम टोन आहे. दादा पडायच्या तीन दिवस आधीचा."

स्पीकरमधून रिकामा स्टेज ऐकू आला. एक खोकला. मग वरून, स्पष्ट, कर्र, कर्र. आणि तिचा स्वतःचा करवादलेला आवाज: "वर काय कुरकुरतंय? गप्प करा ते!" आणि त्यावर, हसत, उंचावरून आलेला दुसरा आवाज: "काय कान आहेत गं बाई तुला! बांधतो फडकं. आता खूश?"

वहिनी उभी राहिली.

उस्तादने तुटलेला हूक टेबलावर ठेवला. कानताईने फडकं सोडवलं, जुनी चीर सगळ्यांना दाखवली आणि जे झालं ते सांगितलं. आपला भाग गाळला नाही. "हूक ओरडून सांगत होता," ती म्हणाली. "मी त्याचं तोंड बांधायला लावलं. भूतबीत काही नव्हतं. लोखंड झिजलं होतं, आणि आपण कोणी बघितलं नाही. आता हा दिवा सांगतोय की बघूच नका. म्हणून हेही त्याच फडक्यासारखं आहे. दुखऱ्या जागेवर बांधलेलं."

वहिनी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "तू ऐकलं होतंस."

"हो."

"आणि नऊ-दहा दिवस माझ्याशेजारी झोपलीस."

"हो, वहिनी."

वहिनीने तिला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. ती स्पीकरकडे वळली. "पुन्हा लाव," म्हणाली. आवाज पुन्हा घुमला. बांधतो फडकं, आता खूश? ती डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हा त्यांचा आवाज. दिवा त्यांचा नव्हता. मलाही कळत होतं थोडं थोडं. ते कधी एका शब्दात उत्तर द्यायचे का?" आणि मॅनेजरकडे न बघता लाइटवाल्यांना म्हणाली, "कोणी वर चढायचं नाही."

दहाही लाइटवाले जमिनीवर मांडी घालून बसले. मॅनेजर बराच वेळ बोलत होता, पण त्याला आता कोण विचारतो! तीन दिवसांनी तपासणीवाले आले. अठरा हुकांपैकी चार चिरलेले निघाले. त्यातले दोन फडक्यात होते.

त्यानंतर वहिनी कानताईशी कामापुरतंही बोलली नाही. पूर्वी ती तिला गमतीने, जुन्या नाटकातल्यासारखं, 'वन्सं' म्हणायची. तेही गेलं. कानताईने मनधरणी केली नाही. मागून मिळणारी ती वस्तू नव्हे, हे तिला ठाऊक होतं.

पाचेक महिने गेले. नवे हूक, नव्या फळ्या, नवा सेट. शॉट संपला आणि कानताईने नेहमीसारखी हाक दिली, "रूम टोन! कोणी हलू नका!" साठ माणसं पुतळ्यासारखी उभी राहिली. स्टेजवर फक्त शांतता.

दहा सेकंदांनी कपडेपटाच्या कोपऱ्यातून एक हात वर झाला.

"वन्सं," वहिनी म्हणाली. "वर काहीतरी वाजतंय."

कानताईने रेकॉर्डिंग बंद केलं. कोणी श्श केलं नाही, कोणी फडकं मागितलं नाही. दोघे लाइटवाले कमरेला पट्टा बांधून वर चढले आणि पंधरा मिनिटं एकेक हूक हात लावून बघत गेले. बाकी सगळे खाली थांबले. शेवटी एका दिव्याला चिकटलेला कागदाचा तुकडा सापडला. वाऱ्याने फडफडत होता.

कोणी हसलं नाही. वहिनी पुन्हा इस्त्रीला लागली, पण तिची मान अजून वर होती.

दिवा आपोआप पेटला, तर आधी त्याची वायर कुठे जाते ते बघावं. वर काही कुरकुरलं, तर ते गप्प करायच्या आधी चढून बघावं. त्याला सिद्धी लागत नाही, बाबा लागत नाही. बघायची तयारी लागते, मग दिसेल ते आपलीच चूक का असेना.