मालकांच्या नावाचा मासा

आमच्यात जित्या माणसाचं नाव लेकराला ठेवत नाहीत. म्हणूनच माझ्या सार्थकच्या बारशाला माझी नणंद प्रेरणा पाळण्यात वाकली आणि मालकांचंच नाव घ्यायला लागली, तेव्हा मी लेकराच्या कानावर हात ठेवला. धरणात त्यांची होडी उलटली होती, पण मालक सापडले नव्हते. न सापडलेल्या माणसाला मेला म्हणायची घाई आमच्या हिर्डोशी गावात सगळ्यांना होती, मला नव्हती. कुंकू मी रोज लावायचे. त्यांचं ताट वाढायचे.

रोज सकाळी आमच्या उंबऱ्यावर ओल असायची, रात्री कुणी भिजल्या पायांनी येऊन उभं राहिल्यासारखी. माझ्या सासूबाई, बयाबाई, म्हणायच्या, “दव आसंल.” दव काय आमचाच उंबरा शोधत येतं?

प्रेरणा पुण्याच्या कॉलेजात माशांचा अभ्यास करते. मालकांच्या जाळ्यात कधीकधी धरणाच्या पार तळातले मासे यायचे. बोटाएवढे, पांढुरके, डोळे बटबटीत. खायला कुणी घेत नसे, म्हणून त्यांनी ते बहिणीला दिले. तिनं दात मोजले, पर मोजले, कल्ले उघडून पाहिले. माहीत असलेल्या कुठल्याच प्रजातीत तो मासा बसेना. मग त्याच्यासाठी नवी प्रजाती करायची ठरली, म्हणजे तिला नवं नावही हवं.

परवा ती पेढे घेऊन आली. सोबत बाटलीत एक मासा.

“वहिनी, दादाचं नाव दिलं याला. आता ते कायम राहील.”

पाळण्यात जमलं नाही ते बाईनं बाटलीत जमवलं. माझं टाळकंच सरकलं.

“बदला ते, वन्सं. त्ये आजून यायचेत.”

“शास्त्राच्या मासिकात छापून आलं, वहिनी. आता मागं घेता येत न्हाई.”

तेवढ्यात सासूबाई मटकन खाली बसल्या आणि हंबरडा फोडला. लेक गेल्यापासून त्या माझ्यासमोर एकदाही रडल्या नव्हत्या. माझ्यापायी रडू गिळून बसली होती म्हातारी. मला लाज वाटली.

संध्याकाळी बाटली घेऊन मी धरणावर गेले. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी कधीच घेतलं नव्हतं. काचेतून मासा माझ्याकडे बघत होता.

“संपत!” मी हाक मारली. मग पुन्हा, मोठ्यानं.

ओ आली नाही.

सकाळी उंबरा कोरडा होता. मी हात फिरवून पाहिला, धूळ लागली. तो ओलांडून विधवा म्हणून बाहेर पडायची मला भीती वाटली.