फिलिबेर्तोची फेरी

"अहो कोम्पाद्रे, तिथं कुणाला हाका मारताय?"

मी दारातून म्हणाले खरं, पण तोवर फिलिबेर्तोनं निळ्या दारावर टकटक केली होती आणि नेहमीसारखा टोपी काढून एका बाजूला उभाही राहिला होता. काखेत कापलेल्या कातड्याचं गाठोडं. मागे ती पाहणी करायला आलेली रेनाता नावाची बाई. दाराला हे एवढं कुलूप लोंबत होतं. आत राहणारी एदुविहेस वारून वर्ष झालं, तिचं शिलाई मशीन भाचीनं कधीच विकून टाकलं. फिलिबेर्तोनं कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाईनं विचारलं, "इथं शिलाई होते म्हणालात ना?" त्यानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

हा फिलिबेर्तो माझ्या धाकट्याचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला पोराला यानंच हातांवर घेतलं, तेव्हापासून मी त्याला कोम्पाद्रे म्हणते, तो मला कोमाद्रे. धंदा म्हणाल तर ओझी वाहणं. लेओन शहरात आमच्या कोएसियो भागात घरटी बुटांचं काम चालतं, पण अख्खा बूट एका घरात होत नाही. नाबोर कातडं कापतो. मी आणि एदुविहेस त्याचे तुकडे शिवून बुटाचा वरचा भाग करायचो. कासिमिरो तो पायाच्या आकाराच्या लाकडी फर्म्यावर चढवून तळ बसवतो. एका घरून दुसऱ्या घरी हे सगळं नेतो तो फिलिबेर्तो, त्याच्या तीनचाकी गाडीवरून. तरुणपणी सुरू केलं, आता गुडघे कुरकुरतात, तरी फेरी चुकत नाही. कुणाचा दोरा संपलाय, कुणाची सुई मोडलीय, हे त्याला आधी कळतं. माझ्याकडचं रीळ तो न विचारता उचलून दुसरीकडे देतो, आणि चार दिवसांनी तिसऱ्याच घरचं रीळ मला आणून देतो. गल्लीत कुणी याचा हिशेब ठेवत नाही.

एदुविहेसचं घर तो फेरीत मुद्दाम शेवटी ठेवायचा. ती शिवून संपवेपर्यंत पायरीवर बसून राहायचा. पावात चिच्चारोन, म्हणजे डुकराची तळून चुरचुरीत केलेली कातडी, आणि झणझणीत चटणी भरलेली ग्वाकामाया आणायचा, अर्धी तिला, अर्धी स्वतःला. लग्न दोघांनीही केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं धाडस माझ्यासारख्या फटकळ बाईलाही झालं नाही, यावरून काय ते समजा.

तर ती रेनाताबाई. कारखानदारांच्या एका संघटनेनं तिला पाठवलं होतं. कुठल्या गल्ल्या मिळून 'औद्योगिक समूह' होतो, हे ती ठरवणार होती. समूहात जी गल्ली येईल तिला सामायिक यंत्रं, बुटांच्या ऑर्डरी, पोरांना शिक्षण, सगळं मिळणार. जी येणार नाही तिचं काम हळूहळू सिलाओ गावाच्या रस्त्यावर कारखान्यांच्या नव्या आवारात जाणार. हे फिलिबेर्तोनं कुठूनसं ऐकलं आणि त्याची झोप उडाली. "कोमाद्रे, गल्ली धरली गेली पाहिजे," दारात दिसला की हेच. मी म्हणायचे, "तुम्हाला काय एवढं? चार पैसे कमी मिळतील, निवांत घरी बसा." त्यावर म्हणाला, "बसून कुठं जाऊ?"

आणि बाई आली ती नेमकी सोमवारी. आता आमच्यात सोमवारी मशीन चालत नाही. आजोबांच्या काळापासून चाल आहे, बूट करणारा सोमवार पाळतो. शनिवारी पगार, रविवारी खाणंपिणं, सोमवारी डोकं धरून पडणं. जगाला हे ठाऊक आहे, तिला नव्हतं. आली तेव्हा गल्ली चिडीचूप. नाबोर खाटेवर पालथा, कासिमिरो सासुरवाडीला, आणि मी दारात बसून निवडुंगाचे काटे काढत होते, दुपारच्या भाजीसाठी. बाईच्या पायात कापडी बूट, ते पण कुठल्या तरी परक्या देशातले. बुटांच्या गावात आली आणि टाचेला फोड येऊन लंगडत होती बिचारी.

फिलिबेर्तो धावत आला. "बाई, जाऊ नका, मी दाखवतो सगळं. बूट कसा कसा जातो ते चालून दाखवतो." नाबोरच्या घरातून शनिवारचं गाठोडं काढलं, कापणी कुठं होते ते दाखवलं, आणि "आता शिलाई" म्हणत निघाला. पाय गेले ते निळ्या दाराशी. माझं दार समोरच होतं हो. गेलं वर्षभर तो गाठोडं माझ्याकडेच आणत होता. पण त्या दिवशी जीव टांगणीला लागला होता, आणि अशा वेळी माणसाचे पाय जुन्या वाटेनंच जातात.

मी बाईला बोलावून घेतलं. मशीनवर चादर घातलेली. तिनं विचारलं, "हे चालत नाही का?"

"चालतं की. पण आज सोमवार."

"मग काय झालं?"

मी तिला पाणी दिलं, टाचेला लावायला पट्टी दिली. ती चांगली होती, मी खोटं बोलणार नाही. आठवड्याच्या मधल्या वारी पुन्हा येते म्हणाली. जाताना फिलिबेर्तोनं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं, "शिलाई आहे बरं का बाई, शिलाई आहे." ती हसून मान डोलावत गेली. गल्लीत पुन्हा आली नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी चर्चच्या सभागृहात बैठक झाली. भिंतीवर शहराचा नकाशा लावला होता. रेनाताबाईनं छान समजावून सांगितलं. एकाच भागात एकमेकांना पूरक कामं करणारे लोक जवळजवळ राहतात, एकमेकांकडून शिकतात, अडीनडीला हत्यारं उसनी देतात, त्यातून सगळ्या प्रदेशाची भरभराट होते, त्याला समूह म्हणायचं. मी नाबोरला कोपरानं ढोसलं. बाई आमच्याच गल्लीबद्दल बोलत होती. मग तिनं रंगवलेला भाग दाखवला, तो सगळा सिलाओच्या रस्त्याकडचा. आमची गल्ली पांढरीच्या पांढरी.

कासिमिरो उठला. "बाई, आम्ही यात का नाही?"

"तुमच्याकडे साखळी पूर्ण होत नाही," ती खाली पाहत म्हणाली. "पाहणीत शिलाईचा टप्पा बंद आढळला."

"बंद? मग ही ओर्तेन्सिया काय करते?" त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"निवडुंग सोलते," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसले, काय करणार. फिलिबेर्तो शेवटच्या बाकावर होता. त्यानं टोपी हातात घेतली होती आणि तिची कड बोटांनी फिरवत होता. बैठक संपायच्या आत तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी गाठोडं घेऊन आला तेव्हा मान वर करेना.

"माझ्यामुळं गल्ली गेली, कोमाद्रे."

"काय बोलताय? त्या आवाराच्या भिंती वर्षभर आधी उभ्या राहिल्यात. आधी भिंती बांधल्या, मग समूह शोधायला बाई पाठवली. तुमच्या एका टकटकीनं गल्ली जाते होय?"

"शिलाईचा टप्पा बंद, असं तीच म्हणाली ना. बंद दार मीच दाखवलं तिला."

"अहो, चूक कुणाला होत नाही?"

"मला होत नव्हती," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं. इतक्या वर्षांत एक गाठोडं चुकीच्या दारी गेलं नव्हतं. मला त्याला पोटाशी धरावंसं वाटलं, पण आमच्यात तसं करत नाहीत. मी म्हटलं, "कॉफी घ्या." त्यानं घेतली नाही.

मग एकेक जण गेला. नाबोरला आवारात कापणीच्या मशीनवर घेतलं, तिथं सोमवारीही जावं लागतं. पहिल्या सोमवारी बसमध्ये चढताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. कासिमिरोनं दुकानाचं शटर ओढलं. जुने फर्मे पोत्यात भरून रस्त्यावर ठेवले, मशीन भंगारात दिलं आणि तोही आवारात गेला. तिथं तळ साच्यात ओतून करतात म्हणे, फर्म्याला कोण विचारतो. कातडं पट्ट्यावरून आपोआप पुढं सरकतं. मलाही बोलावलं होतं, पण माझ्या डोळ्यांना तिथला उजेड सोसला नसता. फिलिबेर्तोला कुणी बोलावलंच नाही. जिथं पट्टा सरकतो तिथं फेरी करणाऱ्याचं काय काम? तो रोज सकाळी गाडी बाहेर काढायचा, पुसायचा, पुन्हा आत ठेवायचा. मी बघायचे आणि माझा जीव तुटायचा.

सान क्रिस्पिनचा सण आला. हा आम्हा बूटवाल्यांचा संत. आमच्या गल्लीची रीत अशी, की दर वर्षी संतापुढं एक जोडी ठेवायची. एका घरानं कापायची, एकानं शिवायची, एकानं तळ लावायचा, कुणी पै घ्यायची नाही. सण झाला की ती जोडी पहिल्यांदा शाळेत जाणाऱ्या एखाद्या गरीब पोराला द्यायची. यंदा मला वाटलं, रीत मोडली. पण आदल्या दिवशी दारात गाडीचा आवाज आला.

"कोमाद्रे, चादर काढा मशीनवरची."

गाठोड्यात एका छोट्या जोडीचं कापलेलं कातडं. जेवणाच्या सुट्टीत आवारातल्याच मशीनवर नाबोरनं चोरून कापून दिलं होतं.

"आणि तळ कोण लावणार?" मी विचारलं.

"तुम्ही शिवा तर खरं."

मी शिवायला बसले. तो रस्ता ओलांडून निळ्या दाराच्या पायरीवर जाऊन बसला. मी दोरा ओवला. शिलाई मन लावून घातली, एदुविहेस घालायची तशी बारीक. झाल्यावर मीच उठून पायरीशी नेऊन दिली. त्यानं शिलाईवरून अंगठा फिरवला. मग बाजूला ठेवलेला कागद उलगडला, ग्वाकामायाचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढं धरला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी दिला नव्हता. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसून खाल्ला. चटणी तिखट होती, नाहीतर डोळ्यांत पाणी आलं नसतं.

जाताना तो कासिमिरोच्या बंद शटरपाशी थांबला. कोपऱ्यात अजून पडलेल्या पोत्यातून त्यानं लहान मापाचे दोन फर्मे शोधून काढले, शर्टाला पुसले आणि गाडीत ठेवले.

सणाच्या दिवशी जोडी संतापुढं होती. चकाकत होती, नाड्या नीट बांधलेल्या. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, बूट पुरे आहेत. आवारातून रजा काढून आलेला नाबोर पुढं वाकला, एक बूट हातात घेतला आणि उलटा केला. खाली तळच नव्हता, आतल्या फर्म्याचं नुसतं लाकूड. त्यानं तो होता तसा हळूच परत ठेवला आणि क्रूसाची खूण केली.

प्रार्थना झाल्यावर पाद्रीबाबांनी नेहमीसारखं विचारलं, "यंदा कुठल्या पोराला द्यायची?"

सगळे फिलिबेर्तोकडे पाहायला लागले.

"यंदा संतालाच राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "त्याला कुठं चालायचंय."

मग बाहेर आला, टोपी घातली. गाडी रिकामी होती, तरी त्यानं गाठोडी बांधायचा दोर आवळून गाठ मारली आणि घराकडे निघाला.