तिसरा हिसका

वडिलांना पुरून आल्यावर लोक चर्चच्या तळघरात कॉफी पीत होते, वेलदोड्याचा पाव खात होते. तेवढ्या वेळात मी माझा पिकअप त्यांच्या लाकडाच्या शेडपाशी नेऊन लावला, फळी टाकली आणि त्यांची जुनी मोटरसायकल चढवून घरी आणली. याला कुणी चोरी म्हणणार असेल तर खुशाल म्हणो. गाडी माझ्या धाकट्या भावाला, मर्व्हिनला द्यायची असं वडील शेवटच्या वर्षात म्हणाले होते, पण शेवटच्या वर्षात ते बरंच काही म्हणायचे. थोरला मी. शिवाय मर्व्हिन मला आवडत नाही, कधीच आवडला नाही, आणि साठी ओलांडल्यावर हे लपवण्यात काही अर्थ उरत नाही.

इथे कॅनडात, थंडर बेमध्ये नोव्हेंबर आला की सगळेच गाड्या हिवाळ्यासाठी आत घेतात. टाकी काठोकाठ भरतात, बॅटरी काढून घरात नेतात, वर कापड टाकतात. मी त्याच्या पुढे गेलो. गॅरेजच्या काँक्रीटमध्ये पोलादी कडी बसवली, तिच्यातून मनगटाएवढी साखळी मागच्या चाकात ओवून कुलूप घातलं, पुढच्या चाकाला दुसरं, हँडलला तिसरं. खिडकीला गज लावले आणि आतून तपकिरी कागद चिकटवला. मोटरवर चालणाऱ्या मोठ्या दाराच्या वरच्या फटीतून तार घालून आतली लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटून हातानं उघडतं, हे चोरांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती कळच मी तारेचे वेढे घालून आवळून टाकली. चोराच्या हाती आपलीच हत्यारं लागू नयेत म्हणून कटर, हातोडी, करवत, सगळं तळघरात नेलं. मग रोज सकाळी प्रत्येक कुलूप ओढून पाहायचं: दोन हिसके लागोपाठ, जरा थांबून तिसरा. वडिलांनी आम्हा दोघा भावांना तसंच शिकवलं होतं. पहिल्या दोन हिसक्यांना कुलूप फसवू शकतं, असं ते म्हणायचे.

"तुरुंगात तरी एवढं नसेल," माझी बायको व्हर्ना म्हणाली. "आणि कुणासाठी? मर्व्हिनसाठी?"

डिसेंबरात मर्व्हिन आलाच. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार मी अंगानं अडवून उभा राहिलो.

"नुसती बघू दे रे, लेस्टर."

"बर्फ गेल्यावर बघ. तुझ्या घरासमोरून नेईन मी. खिडकीत उभा राहा."

तो टोपी घालून निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

जानेवारीत एका सकाळी मी कुलपं ओढत होतो, तर माझ्या तीन कुलपांच्या जोडीला चौथं होतं. पितळी, जुनं, पुढच्या चाकाला माझ्या कुलपाशेजारी नीट लावलेलं. माझी एकही किल्ली त्याला लागेना. बाहेर अंगणातल्या बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं, आणि व्हर्नाला कुलपांचा तिटकारा. मी तळघरातून कटर आणून ते कापलं. आठवड्यानं तिथे दोन होती. दोन्हींच्या डाव्या कोपऱ्याला सारखाच पोचा होता, आणि तो पोचा मी ओळखला.

कापलेलं कुलूप घेऊन मी तसाच मर्व्हिनकडे गेलो. तो अंडी तळत होता.

"माझ्या गॅरेजमध्ये शिरलास कसा?"

"का? काय गेलं तुझं?"

"गेलं काही नाही. कुलूप लागलंय."

तो पोट धरून हसला. "चोर कुलूप लावून जातो होय रे? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच!" मग मी ते टेबलावर ठेवलं. त्याचं हसू थांबलं, आणि तो दोन पावलं मागे सरकला. "हे माझ्या घरात नको," तो म्हणाला. "ने बाहेर. आत्ताच्या आत्ता."

तो सात वर्षांचा असताना मला न विचारता वडिलांच्या गाडीवर चढून बसला होता. मी अकरा वर्षांचा. चोराला कोंडायचंच, म्हणून मी त्याला शेडमध्ये गाडीजवळच कोंडलं, पितळी कुलूप घातलं, तीनदा ओढून पाहिलं आणि बर्फावर खेळायला गेलो. मार्च महिना होता. संध्याकाळी वडिलांनी कुऱ्हाडीची पाठ घालून ते कुलूप तोडलं, कारण किल्ली हरवली असं मी सांगितलं होतं. किल्ली माझ्या खिशात होती. वडिलांनी माझे खिसे कधी तपासले नाहीत.

मी नवीन कुलपं कापणं सोडून दिलं. एप्रिलपर्यंत ती एकोणीस झाली, सगळी पोचे आलेली. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पावसानं धुऊन गेलं की सगळी एकदम कापायची आणि गाडी मर्व्हिनच्या खिडकीसमोरून न्यायचीच, एवढं मी ठरवून ठेवलं होतं. जीव गेला तरी चालेल, पण ती खिडकी चुकवायची नाही.

तसा दिवस उजाडला. व्हर्ना बहिणीकडे गेली होती, रविवारी परतणार होती. दुपारचं लख्ख ऊन होतं. कटर मागाहून तळघरातून आणू म्हणून, फोन ओट्यावर ठेवून मी आधी नुसती बॅटरी घेऊन आत गेलो, दार मागे आपसूक लागलं, आणि मी कापड ओढलं.

सकाळी सगळी होती, आता गाडीवर एकही कुलूप नव्हतं. पितळी नाही, माझंही नाही. साखळी कडेला वेटोळं करून ठेवलेली होती. मी इतका खूश झालो की कसं, कुणी, हे मनातही आलं नाही. बॅटरी जोडली; पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं, वडिलांच्या वेळी व्हायचं तसं. मी मोठ्या दाराचं बटण दाबलं. वरची मोटर घरघरली आणि थांबली, दार हललं नाही. लाल दोरी ओढली, पण माझेच तारेचे वेढे पक्के बसले होते. स्वयंपाकघराचं दार ढकललं. तेही हलेना.

धूर साचायला लागला तसं मी इंजिन बंद केलं आणि खिडकीपाशी गेलो. गजांमधून हात घालून कागदाचा कोपरा सोलला. काचेच्या पलीकडे, बाहेरच्या बाजूनं, तसाच तपकिरी कागद चिकटवलेला होता.

"मर्व्हिन?" मी हाक मारली.

दारापलीकडे कुणीतरी कुलूप ओढून पाहिलं. लागोपाठ दोनदा, आणि जरा थांबून, तिसऱ्यांदा.