वेईचा वाडगा

मृणालिनीला सगळं ठाऊक असायचं. निदान ती तसं म्हणायची, आणि आखातातल्या अल कुसैसच्या त्या बिल्डिंगमधल्या बायकांनी ते मान्य करून टाकलं होतं, कारण वाद घालण्यापेक्षा मान्य करणं सोपं पडायचं. वडाचं झाड नसेल तर वटपौर्णिमा कशी करायची, गणपती बादलीत बुडवला तर चालतो का, विचारा मृणालिनीला. उत्तर मिळायचंच. माहीत नसलं तरी मिळायचं. बाई वाईट नव्हती हो, अडल्यानडल्याला धावून जायची. पण ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य तिच्या तोंडून तिच्या नवऱ्याने, विजयकुमारने, अठरा वर्षांच्या संसारात एकदाही ऐकलं नव्हतं.

तिच्या समोरच्या दारात फांग राहायची. चिनी बाई, पन्नाशीची, घाऊक बाजारात प्लास्टिकच्या फुलांचं दुकान. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, एकुलता एक मुलगा वेई मालवाहू जहाजावर इंजिनिअर. फांगची हिंदी गिऱ्हाइकांकडून शिकलेली, पण तेवढ्या भांडवलावर दोघींचं गूळपीठ छान जमलं होतं. मृणालिनीने डब्यातून कटाची आमटी धाडली की तोच डबा संत्र्यांनी भरून परत यायचा. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे दोघींच्याही घरचं वळण.

पूर्वी फांगच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला वेई यायचा. गेला महिनाभर मात्र तिने त्याचं नावच टाकलं होतं. मृणालिनीच्या ते ध्यानात आलं. विचारावं असंही मनात आलं, पण विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं, आणि ते तिच्याने कुठलं होणार!

फेब्रुवारीत फांगने मृणालिनीला आणि तिच्या लेकीला, मुग्धाला, जेवायला बोलावलं. चिनी नव्या वर्षाची आदली संध्याकाळ. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने, जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी, घरच्या टेबलाशी यायचं, असा त्यांचा नेम. बोलावणं दुपारी चारचं होतं. चीनमध्ये तेव्हा रात्रीचे आठ वाजतात, फांगच्या बहिणीकडे सगळं गोत तेव्हाच जेवायला बसतं, म्हणून हिनेही इथे तेव्हाच बसायचं. विजयकुमार ऑफिसला होता. निघताना मृणालिनीने सवयीने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. अमावास्या होती.

टेबल बघून सोळा वर्षांची मुग्धा ‘वॉव’ म्हणाली आणि तिने फोन काढला. डोक्याशेपटासकट अख्खा वाफवलेला मासा. उकडलेल्या करंज्यांसारखे डंपलिंग. चिकट तांदळाच्या वड्या. लाल बशीत संत्री. लांबच लांब नूडल्स तेवढ्या अजून आत शिजत होत्या, त्या तोडायच्या नसतात असं फांग दोनदा बजावून गेली. मृणालिनी मांसमच्छी खात नाही म्हणून कोबी आणि मश्रूमचे डंपलिंग वेगळ्या भांड्यात केले होते. भांडं नवंकोरं होतं, बुडाचं स्टिकरसुद्धा काढायचं राहिलं होतं.

खुर्च्या चार मांडल्या होत्या. चौथी कोणाची, हे मृणालिनीला कळेना. त्या खुर्चीपुढे निळे मासे काढलेला लहान मुलाचा वाडगा होता, शेजारी जेवायच्या काड्या. फांगने आपण बसायच्या आधी प्रत्येक पदार्थातलं थोडं थोडं त्यात वाढलं. माशाच्या पोटाकडचा मऊ तुकडा, दोन डंपलिंग, एक वडी.  कपाटावर नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती. मग ती नूडल्स आणायला आत गेली.

झालं! मृणालिनीच्या डोक्यात सगळं खटाखट जुळलं. अमावास्या. उदबत्ती. रिकामी खुर्ची, वाढलेलं पान, आणि महिनाभर ज्याचं नाव निघालं नाही तो मुलगा. तिच्या काळजात चर्र झालं, हे खरं. पण त्या चर्रच्या पाठोपाठ आपल्याला न सांगता कळलं याचा एक बारीकसा अभिमानही आला, हेही खरं, आणि पुढे तोच तिला जास्त टोचला.

“वेई गेला गं,” ती मुग्धाच्या कानात म्हणाली. “पितरांचं पान आहे हे. हात लावू नकोस.”

“आई, जस्ट आस्क हर ना.”

“असं विचारतात का कोणी?”

पान टेबलावर नुसतं गार होत पडणार, हे मृणालिनीला बघवेना. या बिचारीला एकटीला इथे कोण सांगणार? तिने वाडगा उचलला, बाल्कनीचं दार सरकवलं, पदर डोक्यावरून घेतला आणि तो कठड्यावर ठेवून हात जोडले. “काव, काव” म्हणून दोन हाकाही घातल्या. समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा होता. तो आला आणि त्याने डंपलिंगमध्ये चोच घातली.

लगेच शिवला! मृणालिनी भरून पावली. तिने फोटो काढला आणि बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. शेजारच्या फांगताईंचा तरुण मुलगा गेला, आज आमच्या हातून त्याचं पान ठेवलं गेलं, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली जोडलेले हात.

वळून बघते तो फांग दारात उभी. हातात नूडल्सचं पातेलं.

“क्या करती?”

मृणालिनीने समजुतीच्या सुरात सांगितलं, “हमारे में ऐसेच देते हैं. कौए ने खा लिया ना, मतलब वेई को शांति मिल गयी.”

फांगने पातेलं खाली ठेवलं. 

“मेरा वेई जिंदा है,” ती म्हणाली.

मग तिने तुटक तुटक सांगितलं. जहाज महिनाभर धोक्याच्या पाण्यातून चाललंय. बावीस दिवस फोन नाही. कंपनी रोज म्हणते, वेट करो. नाव घेतलं तर नजर लागेल म्हणून तिने महिनाभर ते उच्चारलं नाही. आणि जो येऊ शकत नाही त्याची खुर्ची मांडायची, वाडगा वाढायचा, म्हणजे तो घरातल्या मोजणीत राहतो. जिवंत माणसासाठीच मांडतात ती. मेलेल्यांचं ते तिकडे, कपाटावर.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतं. चौथ्या मजल्यावर धरणी कुठून आणणार? मृणालिनी तशीच उभी राहिली, डोक्यावरच्या पदरासकट. तेवढ्यात फोन टिंग वाजला. मग पुन्हा. मग वाजतच राहिला. ग्रुपवरच्या बायका हात जोडत होत्या.

फांग ओरडली असती, हाताला धरून बाहेर काढलं असतं, तर निदान काही फिटलं असतं. तिने वाडगा तीनदा धुतला, पुसला, पुन्हा भरला आणि त्याच जागी ठेवला.  मग म्हणाली, “बैठो. खाओ.” मृणालिनी खाली मान घालून कोबीचे डंपलिंग गिळत राहिली. ते आपल्यासाठी वेगळ्या नव्या भांड्यात केलेत, हे प्रत्येक घासाला तिला आठवत होतं. मुग्धाने टेबलाखाली आईचा फोन बंद केला.

घरी येऊन तिने ग्रुपवरचा मेसेज पुसला. पण एक्केचाळीस जणींनी आधीच हात जोडले होते, आणि पुसून काय होतं? तिने लिहिलं, माझी चूक झाली, मुलगा जिवंत आहे, मी न विचारता लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या ग्रुपवर कोणी उत्तर दिलं नाही. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या पोराला खरंच काही झालं तर? फांग जन्मभर म्हणेल, हिने कावळा बोलावला होता.

विजयकुमार आला तेव्हा ती अंधारातच बसली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. तिला रागावायची संधी अठरा वर्षांनी आली होती, पण भल्या माणसाने ती सोडली. उलट गावची आठवण सांगितली. त्याच्या काकांच्या डोक्याला कावळा शिवला होता, मरणाचा अपशकुन. घाबरून आजीने मुंबईच्या आत्याला काका गेल्याची खोटी तार केली. आत्या ऊर बडवून रडली, आणि अरिष्ट टळलं म्हणून इकडे सगळ्यांनी सुस्कारा सोडला. खोटी मरणाची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात, तो म्हणाला.

बुडत्याला तेवढं पुरलं. सकाळी उठल्याबरोबर मृणालिनीने समोरची बेल वाजवली. फांगने दार अर्धवट उघडलं. लाल स्वेटर, सुजलेले डोळे. मृणालिनीने उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून माफी मागितली आणि मग काकांची गोष्ट सांगितली. फांगने ती एकेक शब्द पारखून ऐकली. नजर लागण्याला घाबरणारी बाई ती, तिला त्यात खोटं काही वाटलं नाही.

“तुमारा आंटी रोया था?” तिने विचारलं.

“हां. बहुत रोयी.”

“वेई के लिए कौन रोया?”

 एक्केचाळीस जणींनी हात जोडले होते. रडलं कोण? ती स्वतः कावळ्याला हाका मारत होती, फोटो नीट येतोय का बघत होती. तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. इथे तिला सहज खोटं बोलता आलं असतं. तिने आजवर सांगितलेल्या निम्म्या रीती तशाच होत्या.

“कोई नहीं,” ती म्हणाली. “मैं भी नहीं. और अभी क्या करना, मुझे मालूम नहीं, फांगताई.”

फांगने चपला पायात सरकवल्या. “मेरे घर में आज रोना मना. नया साल. तुमारे घर में चलो.”

तिने मृणालिनीला तिच्याच घरात नेलं, तिच्याच स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं आणि समोर ओट्याला टेकून उभी राहिली, डॉक्टरचं औषध घ्यायला लावावं तशी. मृणालिनीला आधी रडू आलं ते स्वतःच्या लाजेचं. तिलाही ते कळत होतं, आणि त्याची आणखी लाज वाटत होती. मग त्या ओट्याकडे बघता बघता तिला वेई आठवला. गेल्या खेपेला त्याने इथेच बसून तिचा बिघडलेला मिक्सर खोलला होता. पुरणपोळी पानासारखी गुंडाळून खाल्ली होती, तूप कोपरापर्यंत ओघळलं होतं, आणि मुग्धा हसली म्हणून तो आणखी एक तशीच खाऊन दाखवत होता. हे पोर तिने काल कावळ्याला देऊन टाकलं होतं. विचारायचे दोन शब्द वाचवण्यासाठी.

मग मात्र ती पोटातून रडली.  बऱ्याच वेळाने फांगने ओट्यावरचं फडकं मृणालिनीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “खलास. ठीक.”

नवव्या दिवशी फोन आला. जहाजावरची संपर्काची यंत्रणा बिघडली होती, वेई सुखरूप होता. फांग अनवाणी धावत समोरच्या दारात आली आणि तिने फोन मृणालिनीच्या तोंडापुढे धरला. पडद्यावर दाढी वाढलेलं, उन्हाने काळवंडलेलं हसरं तोंड.

“आंटी,” वेई म्हणाला, “माँ ने बताया, न्यू इयर पे आपने मेरे नाम से पंछी को खाना खिलाया. थँक यू.”

मृणालिनीने फांगकडे पाहिलं. फांग मुलाकडे बघत होती.

“हां बेटा,” मृणालिनी म्हणाली, आणि तिला मान वर करून त्याच्याकडे बघता आलं नाही.