दोन टेबलांमधली ठकी

इस्त्रीचं दुकान एक, टेबलं दोन आणि सासू-सुनेचं बोलणं बंद! कुणा गिऱ्हाइकाच्या रेशमी शर्टाची कॉलर जळली, ती कोणी जाळली यावरून जुंपली, आणि दोघींनी अबोला धरला तो धरलाच. नवरा ट्रक घेऊन गावोगाव. त्याला काय त्याचं! सापडली ती पोर, सात वर्षांची ठकी.

"ठके, तुझ्या आजीला सांग, चादरी कोरड्याठाक आहेत. पाणी शिंपडायला हात मोडलेत का म्हणावं."

आजी हातभर अंतरावर. सगळं ऐकू येतंय, पण निरोप आल्याशिवाय बाईसाहेब हलतील तर शपथ! ठकी जाऊन म्हणे, "आजी, चादरींना पाणी हवंय."

"तुझ्या आईला म्हणावं, कॉलरी जाळणारीनं मला अक्कल शिकवू नये."

"आई, आजी शिंपडते म्हणाली."

पोर अर्धा निरोप विसरते, असं सुनेला वाटायचं. धांदरट, बापावर गेलीय!

दुपारी कपड्यांच्या गाठोड्यावर ठकीचा डोळा लागला की कराकरा दात खायची. हल्ली घास चावतानाही गाल धरून रडायला लागली, तेव्हा सुनेनं इस्त्री बाजूला ठेवली. ती तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन निघाली. सासूही मागोमाग. "तुझ्या आईला सांग, मी नातीसाठी येतेय, तिच्यासाठी नाही."

डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या दाढा पाहिल्या. "झिजल्यात. पुष्कळ मुलांचं आपोआप थांबतं, पण हिचा जबडा जागेपणीही दुखतोय. बाळ, ओठ मिटायचे, दात मात्र सुटे ठेवायचे. हं, शाब्बास!" त्या गालावर बोट ठेवून होत्या.

"ठके, तुझ्या आईला विचार, पोरीला जंताचं औषध कधी दिलंय का? का नुसती तोंडाची वाफ दवडते?"

डॉक्टरीणबाई दचकल्या. "आत्ता आवळला जबडा! इथे हात ठेवा बघू."

सुनेनं बोट ठेवलं. तरी तिची जीभ गप्प बसेना. "ठके, आजीला सांग, स्वतःचं पोर तरी कधी नीट—"

बोटाखाली गाल दगडासारखा झाला. सुनेचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"ठके, काय करतेस ग?"

"वाईट असतं ते चावून टाकते," ठकी म्हणाली. "मग उरलेलं सांगते."

सुनेला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मेल्या आपल्या जिभेला काय म्हणावं! पण राग काही कुठे गेला नव्हता. ती वळली आणि थेट सासूच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "जंत तुमच्या जिभेला झालेत, सासूबाई!"

सासू गडबडली. उत्तर द्यायला तिनं सवयीनं ठकीकडे पाहिलं, मग मान वर करून सुनेवर कडाडली, "आणि तुझ्या जिभेला हाड नाही, भवाने!"

"अहो, बाहेर जाऊन भांडा!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

ठकी आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिली.

"आई, हे कुणाला सांगायचं?"

"कुणालाच नाही ग. आमचं आम्ही बोललो."

बोटाखालचा गाल सैल पडला होता.

"मग मी खेळायला जाऊ?" ठकीनं विचारलं.