शेवटच्या प्रकरणातला गडी

सुभद्रा कादंबरी परत करायला आली की भिकाजी ग्रंथपाल हातातलं काम बाजूला ठेवायचे. पुस्तकाबरोबर तिचं मतही परत यायचं, आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नसायची.

"ह्या राणीसाहेब प्रत्येक प्रकरणात मूर्च्छित पडतात. लेखकाने आधी त्यांना वैद्याला दाखवायला हवं होतं."

किंवा, "ऐन लढाईत सगळे घोड्यावर बसून भाषणं करतायत. मला तर घोड्यांचीच दया आली."

भिकाजी हसायचे आणि नवीन पुस्तक काढून द्यायचे. मालवणात तेव्हा, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावनच्या सुमाराला, स्वतः वाचनालयात येऊन पुस्तक बदलणारी बाई विरळाच. बहुतेकींना घरचा पुरुष जे आणून देईल ते वाचावं लागे. सुभद्राचा नवरा हरिश्चंद्र मालवाहू बोटीवर होता, वर्षातून एकदा घरी येई. त्यामुळे तिला पुस्तक आणून देणारं कुणी नव्हतं, आणि अडवणारंही.

पण ती फक्त स्वतःसाठी वाचत नसे. दुपारची जेवणं आटोपली की धुरीवाड्यातल्या तिच्या पडवीत बायका जमायच्या. सासू काशीबाई तर घरचीच. शेजारची राधाबाई असायची आणि मागच्या आळीतली तुळसा. उन्हाळ्यात हात रिकामे ठेवून कोण बसणार? कुणी रातांबे फोडी, कुणी कोकमाची सोलं उन्हात पसरी, आणि सुभद्रा मोठ्याने वाची. काशीबाईंना राजेरजवाडे लागत, राधाबाईला खून. म्हणून एक ऐतिहासिक झाली की एक रहस्याची, असा पायंडाच पडला होता.

तुळसाला काय आवडतं ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ती सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून बसायची आणि न बोलता ऐकायची. तिचा मुलगा सत्यवान मुंबईत एका बड्या घरात गडी होता. दोन वर्षांमागे त्या घरच्या बाईंचं सोन्याचं घड्याळ हरवलं आणि पोलिसांनी सत्यवानाला उचलून नेलं. कोठडीत त्याला मारलं. मग घड्याळ सापडलं ते बाईंच्याच कपाटात, साड्यांच्या घडीत. मालक म्हणाले, "झालं गेलं विसर, उद्यापासून कामावर ये." तो गेला. दुसरं काम कुठे हातात होतं? पण इकडे वाडीत कुणी ना कुणी अजून म्हणायचंच, की काहीतरी असल्याशिवाय पोलीस धरतील कशाला.

त्या वर्षी मे महिन्यात सुभद्राने रहस्याची जी कादंबरी आणली तिच्यात एक म्हातारे, श्रीमंत वकील आपल्याच अभ्यासिकेत मेलेले सापडतात. उधळ्या पुतण्या, औषधं सारखी बदलणारा डॉक्टर, तरुण दुसरी बायको आणि कोकणातला गडी धोंडू, एवढ्यांवर संशय. राधाबाईने पहिल्याच दिवशी डॉक्टरला खुनी ठरवून टाकलं. काशीबाईंचा राग दुसऱ्या बायकोवर. आणि एका दुपारी मागून तुळसाचा आवाज आला.

"तेका धरूचे नाय मां?"

"कोणाक गो काकी?"

"त्या गड्याक. पोलिस पयल्या दिवसापासून तेच्याकडेच बघतत."

"नाय गो," सुभद्रा हसून म्हणाली. "पयल्यापासून जेच्यार संशय, तो खुनी नसता. असल्या पुस्तकांची रीतच आसा ती." इतकी पुस्तकं पचवलेली बाई सांगते म्हटल्यावर तुळसाचा जीव भांड्यात पडला.

शेवटच्या प्रकरणात गुप्तहेराने सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. राधाबाई सरकत सरकत पार पुढे आली. सुभद्राची नजर वाचताना आवाजाच्या चार शब्द पुढे असायची. तिने पान उलटलं, आणि पुढचं वाक्य दिसताच ती थांबली. गुप्तहेराचं बोट धोंडूकडे वळलं होतं. मालकाने ज्याला पोटच्या पोरासारखं वागवलं तोच कृतघ्न निघाला, असं खाली लिहिलं होतं. आणि ह्या लोकांच्या डोळ्यांतला लोभ मी पहिल्या भेटीतच ओळखला होता, असं गुप्तहेर सांगत होता.

"वाच मां गो! हयसरच कित्याक थांबलंस?" राधाबाई ओरडली.

सुभद्राने मान वर केली. तुळसाने हातातला रातांबा खाली ठेवला होता.

"आणि त्याने बोट दाखवलं," सुभद्रा वाचू लागली, "डॉक्टरांकडे."

पुढचं सगळं तिने तिथल्या तिथे रचलं. विषाची बाटली, डॉक्टरचा घामाघूम चेहरा, त्याची कबुली, आणि शेवटी धोंडूच्या खांद्यावर हात ठेवून गुप्तहेराने मागितलेली माफी. ही माफी कोणत्याच पुस्तकात तिने कधी वाचली नव्हती, पण ती तोंडातून आपोआप आली. राधाबाईने जिंकल्यासारख्या टाळ्या पिटल्या. तुळसा तोंडाला पदर लावून हसत होती. "माका ठावक होतां," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. संध्याकाळी विहिरीवर भेटेल त्या बाईला तिने सगळी गोष्ट सांगितली, माफीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राने ते पुस्तक भिकाजींच्या टेबलावर असं आपटलं, की वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांनी दचकून माना वर केल्या.

"हे परत घ्या. आणि पुन्हा कुणाला देऊ नका."

"का हो वहिनी? रहस्य जमलं नाही?"

"रहस्य?" वाचनालयात ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, पण आज ती भाषा मधूनमधून सुटत होती. "गड्याक खुनी केल्यान, हां रहस्य? सगळे पुरावे डॉक्टराकडे बोट दाखवतत, पुतण्याकडे दाखवतत, आणि शेवटाक धरल्यान कोणाक? दारात उभो रवतलो तेका! शिरा पडो त्या लिवणाऱ्याच्या तोंडार!"

"अहो, गोष्ट आहे ती. कुणीतरी खुनी पाहिजेच ना?"

"मग दर वेळी हाच का?" ती कपाटाकडे गेली आणि एकेक पुस्तक खेचून त्यांच्यासमोर टाकू लागली. "ह्यात किल्ला पडतो. अख्खं पुस्तकभर सरदार एकमेकांच्या उरावर बसलेत, राजे नाचगाण्यात बुडालेत, आणि दिंडी दरवाजा कोणी उघडला म्हणे? पाणक्याने! माझी सासू तेव्हा घळाघळा रडली आणि मीही रडले. त्या पाणक्याला शिव्या दिल्या मी! ह्यात आरमार जळतं. फितूर कोण? गलबतावरचा तांडेल. ह्यात मोत्यांचा हार जातो. कोणी नेला? मोलकरणीने. राजो हरलो, पाणक्यान हरवल्यान. शेठ मेलो, गड्यान मारल्यान. मोठ्यांच्या घरात मोठ्यांनी एक तरी पाप करूचां की नाय?"

कोपऱ्यातले एक निवृत्त मामलेदार चष्मा पुसत म्हणाले, "बाई, चार घटका करमणूक म्हणून वाचायचं. एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"तुमची होते करमणूक," सुभद्रा वळून म्हणाली. "तुमच्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या दारात गडी नाही म्हणून होते."

मामलेदारांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. भिकाजी मात्र शांतपणे पुस्तकं उचलत होते. "वहिनी, तुमचा राग मला कळतो. पण आज तुमच्या सांगण्यावरून हे काढलं, तर उद्या दुसरा येईल आणि तुमच्या आवडीचं काढायला लावेल. मी कुणाकुणाचं ऐकू?"

सुभद्रा आणखीच चिडली. त्या दिवशी ती नवीन पुस्तक न घेताच घरी गेली.

पावसाआधीच्या आगबोटीने सत्यवान रजेवर आला. मुंबईत अक्षरं गिरवून गिरवून त्याने आपलं लिहिणं-वाचणं पक्कं केलं होतं. आईने हौसेने त्याला कादंबरीची गोष्ट सांगितली. गडी निर्दोष सुटतो, वर त्याची माफी मागतात, असलं पुस्तक आहे तरी कसलं म्हणून त्याने वाचनालयातून ते आणलं आणि वाचलं. मग तो सरळ सुभद्राच्या पडवीत येऊन उभा राहिला. मागून तुळसा आली. काशीबाई आणि राधाबाई तिथेच होत्या.

"वयनी, ह्येच पुस्तक तुमी आवशीक वाचून दाखवलात मां? ह्यात डॉक्टर खंय आसा, माका जरा दाखवा."

सुभद्राच्या तोंडचं पाणी पळालं. "माझ्यान तां वाचवलां नाय रे. तुझी आवस समोर बसलेली. कसां वाचू?"

"कित्याक? माझी आवस काय काचेची आसा?" त्याचा आवाज चढला नव्हता. "पोलिसांनी माका नेल्यानी तेव्हा ती हयसर एकटी होती. तेव्हा मराक नाय. आता पुस्तक ऐकान मरतली? आवशीन वाडीभर सांगल्यान. त्या महादू दुकानदारान ह्यां पुस्तक आधीच वाचलेलां. काल चार माणसांत माका इचारता, 'काय रे, तुझ्या आवशीचो डॉक्टर खंय गेलो?' सगळे हसले."

"म्हणजे चूक माझी? तेका खुनी केल्यान तो लिवणारो सुटलो?"

"तो खंय सुटलो? पण तेना माका शिवी दिल्यान ती तोंडार दिल्यान. तुमी माझ्या पाठी माका सोडवन घेतलात. माफीसुद्धा तुमीच मागून घेतलात. माका आजवर कोणी माफी मागूक नाय, वयनी. आणि आवस वाडीत सांगत फिरता, मागल्यानी म्हणान!"

चार दिवस सुभद्राचा संताप कसा सरळ एका बाजूला धावत होता. आता तो तिच्याकडेच तोंड करून उभा होता.

"दोघांय गप बसा," तुळसा म्हणाली. ती आज मागच्या खांबाकडे गेली नाही. सुभद्राच्या पुढ्यात मांडी घालून बसली. "सुभद्रे, ह्यां परत वाच. जसां लिवलेलां आसा तसांच वाच."

"काकी, नको गो."

"वाच म्हणतंय मां!"

सुभद्राने वाचलं. बोट धोंडूकडे वळलं, कृतघ्न शब्द आला, लोभ आला. सत्यवान उंबऱ्याकडे पाठ करून अंगणात बघत होता. तुळसाने हात वर केला.

"थांब. कित्याक मारल्यान म्हणता?"

"लोभान."

"कसलो लोभ? काय नेल्यान तेना?"

सुभद्राने पुढची पानं चाळली, मागची चाळली. "तां लिवलेलां नाय."

"तेची आवस कोण? गावाक कोण आसा? बायल, पोरां?"

"तांय नाय. कोकणातला गडी, इतकांच."

तुळसाचा चेहरा लाल झाला, आणि वाडीत कुणी कधी ऐकला नव्हता एवढा तिचा आवाज चढला.

"म्हणजे लिवणाऱ्याक तरी खंय ठावक, तेना खून कित्याक केल्यान तो? एवढां जाडजूड पुस्तक लिवल्यान आणि एकदा तेका इचारूक नाय, 'बाबा रे, तू कोणाचो?' डॉक्टराक इचारल्यान, पुतण्याक इचारल्यान. माझ्या झिलाक पोलिसांनी नेल्यानी तेव्हाय असांच. घरातल्या सगळ्यांक बसान इचारल्यानी, आणि हेका आधी मारल्यानी!"

सत्यवान वळला. आईच्या तोंडून हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"फुडे वाच," तुळसा सुभद्राला म्हणाली. "फाशी जाता काय?"

"जाता."

"वाच. माका सगळां आयकूचां आसा."

सुभद्राने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. संपल्यावर राधाबाई हळूच म्हणाली, "माका बाबा डॉक्टरच पटता होतो," आणि तिच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की ती पुन्हा रातांबे फोडायला लागली.

जाण्याआधी सत्यवान सुभद्राजवळ थांबला. "वयनी, तुमी आमच्यासाठीच केलात, तां माका कळता. पण परत असां करू नकात." तिने मान हलवली. माफी मागावी असं तिच्या मनात आलं, आणि आता तो शब्द आपल्या तोंडून निघाला तर कसा वाटेल ह्या विचाराने ती अडली. मग तरीही तिने ती मागितली. जाताना सत्यवानाने पुस्तक स्वतःच उचललं आणि वाचनालयात परत देऊन आला.

मुंबईला गेल्यावर त्याने मालकाचं घर सोडलं आणि एका छापखान्यात कामाला लागला. तुळसाने ही बातमी विहिरीवर सांगितली तेव्हा कुणी हसलं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर पडवीतली वाचनं परत चालू झाली, पण ती पूर्वीची राहिली नाहीत. सुभद्राने त्यानंतर एक अक्षरही बदललं नाही. मात्र दर पानाला ती थांबायची, आपलं मत सांगायची, आणि तुळसा, जी आता सगळ्यांत पुढे बसायची, तिला आणखी खोदून विचारायची. ऐतिहासिक कादंबरीत राजाचा अभिषेक चालला असताना तुळसा विचारी, "एवढ्या लोकांचां जेवण कोणी केल्यान?" काशीबाई वैतागायच्या. त्यांना अभिषेक एकसंध हवा असे.

श्रावणात एक नवी ऐतिहासिक आली. वेढा पडलेला किल्ला, आत फुटलेले सरदार, आणि एका मशालजीला बाहेरून निरोप येतो. सुभद्राने पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं.

"घ्या! इलो बघा. आता हेच्याच गळ्यात घालतले."

"उघडल्यान मां तेना दार?" तुळसाने विचारलं.

"अजून नाय. पण उघडतलो, काकी. मी सांगतंय तुका."

"मगे वाच. तेका तेचां घरदार तरी दिल्यान काय बघूया."

"आगो, वाच एकदाचां!" काशीबाई कडाडल्या. "दार तो उघडतलो. पण त्या राजाक पयलां हाकलून घालूक व्हया. तीन प्रकरणां झाली, मेलो नुसतो निजान आसा!"

सुभद्राने चमकून सासूकडे बघितलं, पुस्तक सरळ केलं आणि वाचायला लागली.